देवाचं तास

"हे प्रभू, आम्ही तुझी लेकरं तुझ्या चरणांपाशी आलो आहोत," असं म्हणून नाथातात्या थांबले आणि पुढच्याच दमात म्हणाले, "डंपरमध्ये डिझेल टाकलं का नाही?"

सगळं चर्च डोळे मिटून बसलं होतं. पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं सवयीनं "आमेन" म्हटलं.

"नाही टाकलं? अरे मग दुसऱ्या गाडीतलं काढ. आणि जेसीबीच्या बकेटचे दात बघून घे, झिजले असतील... बरं ठेव, प्रार्थना चालूय."

तात्यांनी तोंडावर हात धरला होता, मान भिंतीकडं वळवली होती. पण माइक होता कॉलरला. तो आवाज बंद करायचं काम माझं. मी बोट बटणावर ठेवलं आणि आवाज थोडा वाढवला.

"तुझ्या असीम कृपेसाठी," तात्या परत देवाकडं वळले, "आम्ही तुझे आभार मानतो."

तोवर पोरं खिदळायला लागली होती. पाळक अमोलिकसाहेबांचे डोळे मिटलेले होते, पण खांदे हलत होते.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी लाजरस उजागरे, टाकळीचा. जन्मलो तेव्हा रडलो नाही. पोर गेलं म्हणून सुईणीनं फडक्यात गुंडाळलं, तर मी तिच्या अंगावर मुतलो. मेल्यातून उठला म्हणून आजानं बायबलातलं नाव ठेवलं, लाजरस. लाज काय ती तेवढी नावात आली, पुढं कधी अंगाला लागली नाही. उजागरे साउंड म्हणजे मीच. लग्न, बारसं, उद्घाटन, मयत, कुठंही भोंगा लागला तर माझा. चर्चमध्ये रविवारी फुकट.

आणि नाथातात्या म्हणजे नथानिएल संसारे. चार जेसीबी, सहा डंपर, चर्चच्या पंचांमध्ये पहिली खुर्ची. माझ्या निम्म्या ऑर्डरी त्यांच्याच ओळखीनं यायच्या. म्हणजे ज्या फांदीवर बसलो होतो तिच्यावरच मी बटण फिरवलं.

उपासना सुटल्यावर तात्या माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"लाजऱ्या, माइक बंद करता येत नव्हता?"

"तात्या, मला वाटलं देवालाच विचारताय. डिझेलचं."

तात्या हसले. मोठ्या मनाचा माणूस, हे मला तेव्हाही माहीत होतं. तेवढ्यात खिशातला एक फोन वाजला. तो बंद केला तर दुसरा वाजला.

"पुढल्या रविवारी कापणीचा सण आहे," ते म्हणाले. "माझ्या नावानं टेम्पो येईल. सफरचंदं, डाळिंबं, ते हिरवं काय असतं केसाळ, किवी. उतरवून घे."

"आणि तास?"

"तास कुठून काढू लेका? जेवायला वेळ नाही मला."

"त्यो तास नाही, तात्या. ते तास."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग फोन कानाला लावून निघून गेले.

आमच्याकडं तास दोन आहेत. घड्याळातला तो तास, आणि नांगराचं ते तास. नांगर पुढं गेला की मागं मातीत चर पडते ना, ती. तात्यांचे वडील याकोबबाबा पेरणीला बैल जुंपायचे तेव्हा रस्त्याकडचं पहिलं तास देवाचं असायचं. एकाचं पुढं चार-पाच तासांएवढं रुंद झालं, पण नाव देवाचं तास तेच राहिलं. त्यातलं कणीससुद्धा घरात यायचं नाही. सगळी बाजरी कापणीच्या सणाला चर्चमध्ये. दुष्काळात घरचं रान वाळलं तरी तासाला हंड्यानं पाणी घातलेलं लोकांनी पाहिलंय. बाबांमागं तात्या तेच करायचे. तेव्हा त्यांच्याकडं बैल होते आणि एक सायकल. सणाच्या दिवशी बाजरीची पाटी डोक्यावर घेऊन गात यायचे. आवाज असा, की तिथं माझ्या भोंग्याचं काही काम नव्हतं.

मग जेसीबी आला. पहिला आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, मी पेढे वाटले. दुसरा आला तेव्हा तात्या म्हणाले, यंदा घाई आहे, तास पुढल्या वर्षी. तिसऱ्याच्या वेळी कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी वायरी गुंडाळत होतो, तर तात्यांची बायको, सुवार्ताकाकू, चपला घालता घालता थांबल्या.

"लाजरस, तुला लोकांच्या खोड्या काढायला बरं सुचतं रे."

"देवाची देणगी आहे, काकू."

"मग एकदा देवाच्या कामाला वापर की."

मी वायर खाली ठेवली.

"मंगळवारी... ह्या नाही, पुढल्या... खरेदीखत आहे," काकू म्हणाल्या. "रस्त्याकडचं रान पेट्रोल पंपाला चाललंय. त्यांना रस्त्याला लागून तोंड पाहिजे. म्हणजे तासच."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले. म्हणाले, त्या पैशातून चर्चला नवी फरशी टाकून देतो. मी म्हटलं, देवाला फरशी नकोय, तुम्ही पाहिजे. तेवढ्यात फोन वाजला."

मला हसू आलं. काकूंना नाही आलं.

"पूर्वी पहाटे उठून प्रार्थना करायचे. आता उठतात ते टायर फुटला म्हणून. एवढी माणसं हाताखाली, पण झोपेत दात खातात. रान गेलं तर जाऊ दे रे, मला रानाचं काय करायचंय? पण त्यांच्यात देवाचं म्हणून तेवढं एक तास राहिलंय. नावाला का होईना. ते त्यांनी स्वतःच्या सहीनं विकलं ना, तर मग मला ते परत सापडायचे नाहीत."

मी म्हटलं, "काकू, माझा धंदा बसंल."

"बसू दे," काकू म्हणाल्या. "माझ्या भावाच्या लग्नात तू नवरदेवाच्या बुटात चटणी टाकलीस, तेव्हा धंद्याचा विचार केलावतास का?"

दुसऱ्या दिवशी मी रानाकडं गेलो. काय करायचं ते ठरलं नव्हतं. रस्त्यावर 'देवाची जागा, विकणे नाही' असा बोर्ड रातोरात ठोकावा असं डोक्यात होतं. पण बोर्ड ठोकायला आत शिरता तर यायला पाहिजे! देवाच्या तासात नुसती वेडी बाभूळ. तिला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, आणि तीच तेवढी जोमात येते. सदरा एका फांदीत अडकला, तो सोडवायला वळलो तर दुसऱ्या फांदीनं पाठीमागून अशा जागी धरलं, की चारचौघांत सांगता येत नाही. चपलेतून काटा टाचेत गेला. मी तिथंच मटकन खाली बसलो आणि वाकून काटा काढायला लागलो.

तेव्हा ते दिसलं. बाभळीच्या खाली, सावलीत, बाजरीची दोन-तीन ताटं. पाखरांनी टाकलेली, का जुन्या सांडलेल्या दाण्याची, देव जाणे. उगवली होती बिचारी. पण पिवळी, काडीसारखी बारीक, उजेडाकडं वाकडी झालेली. एकाला कणीस आलं होतं, करंगळीएवढं.

मी हसायला लागलो. एकटाच, काट्यात बसून. कारण मला सुचलं होतं.

आमच्या कापणीच्या सणाला लिलाव असतो. ज्यानं त्यानं आपल्या रानातलं, परसातलं आणायचं, देवापुढं ठेवायचं, मग उपासनेनंतर त्याची बोली. पैसे देवाला. बोली पुकारणार मी, कारण दुसरं कोण? आणि शेवटी असते झाकली पाटी. देणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, आत काय ते दाखवायचं नाही, घेणाऱ्याचं नशीब. एकदा त्यात जिवंत कोंबडी निघाली होती आणि वेदीवर जाऊन बसली होती. झाकली पाटी नेहमी तात्याच घ्यायचे. ती हौस त्यांची शिल्लक होती.

मी कोयत्यानं बाभळीच्या फांद्या तोडल्या, शेंगांसकट. पाटीत रचल्या. खाली तळाला ते करंगळीएवढं कणीस टाकलं. का टाकलं, विचाराल तर तेव्हा मला सांगता आलं नसतं. वर लाल फडकं बांधलं.

सणाच्या रविवारी अमोलिकसाहेबांनी येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घेतला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यात. मी टेबलामागं पाटीवर पाय ठेवून बसलो होतो. साहेब म्हणाले, "काट्यातलं बी मरत नाही, बरं का. ते उगवतं. पण संसाराची चिंता आणि पैशाची भूल त्याला वर येऊ देत नाही." संसार म्हटल्याबरोबर अख्ख्या मंडळीच्या माना पंचांच्या पहिल्या खुर्चीकडं वळल्या. खुर्ची रिकामी होती. तात्या बाहेर चिंचेखाली उभे राहून टायरवाल्याशी भांडत होते. अख्खा उपदेश संपला तरी भांडण संपलं नाही.

लिलावाला मात्र आले, आणि अगदी पुढं बसले.

मी सुरू झालो. "हा भोपळा बघा! पंचांसारखा आहे, वरून गुळगुळीत, आत नुसत्या बिया! हे वांगं बघा, पाळकसाहेबांच्या परसातलं, ह्याच्यावर रोज दोनदा प्रार्थना झालीय, कीड लागली तर पैसे परत!" लोक हसत होते, बोल्या चढत होत्या. तात्यांच्या किवी कुणाला सोलायच्या कशा ते कळेना, त्या पडूनच राहिल्या.

मग मी लाल फडक्याची पाटी टेबलावर ठेवली. हळूच, बोटं सांभाळून.

"झाकली पाटी! अस्सल टाकळीचं पीक! बोला!"

"शंभर," शाळेतले मास्तर म्हणाले.

"पाचशे," तात्या.

"सहाशे," बायकांच्या बाजूनं आवाज आला. सुवार्ताकाकू.

सगळं चर्च वळलं. तात्याही वळले. "अगं, तू कशाला?"

"मला हौस आलीय."

"हजार."

"अकराशे."

"लाजऱ्या, ही बोली धरू नको. एकाच खिशातला पैसा आहे."

"तात्या, इथं तुमचा खिसा वेगळा, काकूंचा वेगळा. देवानं तसंच ठेवलंय."

"दोन हजार!"

"अडीच," काकू म्हणाल्या. पदर सावरत, एकदम शांतपणे.

लोक बाकांवर उभे राहिले. लग्नाला तीस वर्षं झालेलं जोडपं भरचर्चमध्ये एकमेकांवर चढत होतं. मी इकडं बघ, तिकडं बघ. असा आनंद मला बुटातल्या चटणीनंही दिला नव्हता.

"पाच हजार!" तात्या गरजले. "आता बस खाली, सुवार्ते!"

काकू बसल्या. मी तीनदा पुकारून हातोडी मारली.

तात्या पुढं आले. आत कोंबडी नाही ना, म्हणून पाटीला कान लावला. लोक हसले. मी माइक त्यांच्या तोंडाजवळ धरला, एक शब्द वाया जायला नको म्हणून. तात्यांनी फडकं सोडलं आणि लोकांकडं बघत, दिमाखात, हात आत घातला.

"आई गं!"

चर्चच्या चारही भिंतींनी ऐकलं. लोक हसून हसून वाकले. मग तात्यांनी हात बाहेर काढला. अंगठ्यातून रक्त येत होतं आणि बोटांना बाभळीची फांदी लागून आली होती. हसणं पुढून मागं असं हळूहळू बंद होत गेलं.

"कुणी दिली ही पाटी?" तात्यांनी विचारलं.

"रानानं," मी म्हणालो.

"कुठल्या रानानं?"

"तुमच्या. रस्त्याकडच्या. देवाचं तास आहे ते, तात्या. यंदाचं पीक."

ह्याच्यापुढं मी एक झकास वाक्य तयार ठेवलं होतं. चार दिवस घोळवलं होतं. ते तोंडातच राहिलं, आणि आजही मला ते आठवत नाही. तात्यांचा चेहरा बघितला आणि मी माइक खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता.

तात्या पाटीत बघत राहिले. मग परत हात घातला, ह्या वेळी सावकाश, काट्यांतून वाट काढत तळापर्यंत. ते कणीस वर काढलं. तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं चोळलं, शेतकरी चोळतो तसं, आणि फुंकर मारली. सगळा भुसा उडाला. हातावर दोन दाणे राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. एक वाजला म्हणेपर्यंत दुसराही.

तात्यांनी दाणे सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकले. दोन्ही फोन काढून माझ्या हातात दिले.

"धर. वाजले तर बोल."

"काय बोलू?"

"तुला कधीपासून प्रश्न पडायला लागला, काय बोलायचं ते?"

पाटी उचलून डोक्यावर घेतली, काट्यांसकट, पाच हजारांची, आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. पूर्वी बाजरीची आणायचे तशीच. फक्त गात नव्हते. मी काकूंकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

अमोलिकसाहेब माझ्या कानाशी आले. "चाळीस मिनिटं मी घसा फोडला," ते म्हणाले, "आणि तू एका पाटीत उरकलंस, गाढवा." म्हणाले गाढवा, पण पाठीवर हात ठेवून.

त्या दुपारी मी दोन फोन घेऊन नाथातात्या संसारे झालो. सुरुवातीला लई मजा आली.

"तात्या, मशीन बंद पडलंय."

"मग तूही पड सावलीत."

"तात्या, साइटवरचा मुरूम संपला."

"प्रार्थना कर."

"तात्या, तुमचा आवाज बसलाय का?"

"उठायला लागलाय आताशी."

पण फोन थांबेचनात. डिझेल, टायर, पोलीस, ड्रायव्हरची उचल, कुणाची बिलं, कुणाच्या शिव्या. जेवायला बसलो, घास हातात तसाच राहिला. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही दात का खाताय?" तेव्हा मी घास खाली ठेवला. अर्ध्या दुपारीत माझं डोकं उठलं होतं, आणि हा माणूस हे सगळं उशाला घेऊन वर्षानुवर्षं झोपत होता. मी रागानं एकदोघांचे फोन घेतलेच नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच परत फोन करून सांगितलं, "झालं, काढला मार्ग."

मग पंपवाल्यांच्या एजंटाचा आला. पुण्याचा होता. "संसारेसाहेब, मंगळवारचं पक्कं ना? रजिस्ट्रारकडं नंबर लावलाय."

ह्याला काय सांगायचं? एका शब्दात मी व्यवहार मोडू शकलो असतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते माझं नव्हतं. "साहेब लांब आहेत, धरा," म्हटलं आणि मोटरसायकलला लाथ मारली.

रस्त्यावरूनच दिसलं. तात्या बनियनवर होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात याकोबबाबांची जुनी कुऱ्हाड. हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. एक बाभूळ आडवी झाली होती, दुसरीच्या बुडावर घाव चालले होते. बांधावर काकू पाण्याची कळशी घेऊन बसल्या होत्या आणि चक्क भुईमुगाच्या शेंगा खात होत्या.

"तात्या," मी म्हटलं, "चार-चार मशीन दारात आहेत. एक आणलं तर घटकेत साफ होईल."

"मशीन येईल," तात्या दम खात म्हणाले. "मग ऑपरेटर येईल. मग त्याचं डिझेल येईल. मग तुझ्या हातात आहे ते वाजायला लागेल." त्यांनी कुऱ्हाड टेकवली. "आणि हे असं वाढू कुणी दिलं? मशीननं? हिचं कसं असतं लाजऱ्या, ही एकदम येत नाही. पहिल्या वर्षी एवढीशी होती. बोटानं उपटली असती. मी म्हटलं, पुढल्या आठवड्यात. वरून छाटली की दुप्पट फुटते. बुडापासून काढावी लागते, आणि दर वर्षी येऊन बघावं लागतं, परत आली का म्हणून."

"संसारेसाहेब? हॅलो?" फोनमधून आवाज आला. मी विसरलोच होतो.

"कोण?"

"पंपवाले."

तात्या काकूंकडं बघायला लागले. काकूंनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"स्पीकरवर टाक," तात्या म्हणाले. हात रक्तानं आणि मातीनं भरले होते. मी फोन त्यांच्यापुढं धरला.

"साहेब, मंगळवारी मला जमणार नाही."

"का हो? काय अडचण?"

"तास काढायचंय."

"अहो मग एक तासाचं काय एवढं! तासाभरानं या. दुपारी ठेवू."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खालचा ओठ दातांत धरला होता.

"एका तासाचं काम नाही," तात्या म्हणाले. "दर वर्षी काढावं लागतं."

"म्हणजे? रेटचा प्रश्न आहे का? वाढवून देऊ ना. बोला तुम्ही. हायवे होणारे उद्या, परत अशी पार्टी मिळायची नाही."

तात्यांनी रस्त्याकडं नजर टाकली. मला वाटतं तेवढ्या वेळात त्यांनी सगळं बघितलं असेल. पाचवं मशीन, सहावं, पोराचा शहरातला फ्लॅट. त्यांचं मन झुलत होतं. काकूंचं शेंगा फोडणं थांबलं होतं.

"रान विकायचं नाही, साहेब," तात्या म्हणाले. "इसार उद्या परत पोचवतो. तुमचा दोष नाही. ही जागा माझी नाही, हे मी विसरलो होतो."

"तुमची नाही? सातबारा तर तुमच्या नावावर आहे!"

"सातबाऱ्यावर देवाचं नाव घालत नाहीत," तात्या म्हणाले, आणि मला खूण केली. मी फोन बंद केला. बाकी कुणाचा आवाज बंद करताना मी एवढा खूश कधी झालो नव्हतो.

तात्यांनी परत कुऱ्हाड उचलली. मी म्हटलं, "तात्या, मी पण तोडू का थोडं?"

"तू?" ते म्हणाले. "तू शेंगा खा. आज लई काम केलंयस."

पुढं असं काही झालं नाही, की तात्यांनी सगळं वाटून टाकलं आणि भगवी कफनी घातली. मशिनं राहिली, डंपर राहिले. फोन मात्र एकच राहिला, आणि रविवारी सकाळी तो काकूंच्या पिठाच्या डब्यात असायचा. लोक म्हणाले, नाथाला वेड लागलं, सोन्यासारखा व्यवहार घालवला. हायवे झालाच, पंपही झाला, पण शेजारच्या रानात. त्या शेजाऱ्याचा बंगला तात्यांना आपल्या तासातून दिसायचा. पहिल्या पेरणीला बैल भाड्यानं आणले. तात्यांनी वरच्या खिशातले ते दोन दाणे पाभरीत टाकले तेव्हा मी तिथं होतो. मी म्हटलं, "ह्यातला कुठला उगवला ते कसं कळणार?" ते म्हणाले, "आपल्याला कशाला कळायला पाहिजे?"

पुढल्या कापणीच्या सणाला बाजरीची पाटी डोक्यावर घेऊन तात्या आले. पीक यथातथाच, निम्मं पाखरांनी खाल्लेलं. पण गात आले. आवाज जरा गंजला होता, वरच्या सुरावर फाटला, आणि फाटला तसाच सोडून पुढं गेले. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली तेव्हा मी माइकचं बटण पार खाली ओढलं. गरज नव्हती.

मग लिलाव. शेवटी झाकली पाटी आली, हिरव्या फडक्याची. मी पुकारायला तोंड उघडलं, तर तात्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"ही पाटी मी पुकारणार. लाजऱ्या, तू बोली लाव."

"पुकारणाऱ्यानं बोली लावायची नसते!"

"आज तू पुकारत नाहीस. बोला, शंभर एक!"

मी शहाणा होतो, गप्प बसलो. पण मागून माझीच बायको ओरडली, "दीडशे!" मी वळून बघितलं. तिच्या शेजारी सुवार्ताकाकू बसल्या होत्या, एकदम शांत. मग माझ्या लक्षात आलं. पण मर्दाची जात, बायकोसमोर माघार कशी घेणार? "दोनशे!" म्हणालो. "अडीचशे!" ती म्हणाली. चर्च हसून हसून लोळत होतं. पाचशेला ती पाटी माझ्या गळ्यात पडली.

मी फडकं सोडलं. हात घालायच्या आधी वाकून बघितलं. तेवढा धडा मी घेतला होता. आत याकोबबाबांची कुऱ्हाड होती. धार लावलेली, दांडा तेल लावून पुसलेला.

"तात्या, ही कशाला? माझ्याकडं तर गुंठाभर रान नाही."

तात्यांनी माइक तोंडाशी नेला, मग थांबले. बटण शोधून बंद केला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता नाही. पण तुझा धंदा चांगला वाढायला लागलाय, लाजऱ्या. ठेव जवळ."

त्यांनी मला गंडवलं, भरचर्चमध्ये, माझ्याच खेळात. असं करणारा टाकळीत दुसरा झाला नाही. तात्या जाऊन आता तीन वर्षं झाली. देवाच्या तासात बाजरी अजून असते. मी नांगर धरतो तेव्हा चर वाकडी येते. काकू बांधावरून ओरडतात, "सरळ बघ की पुढं!"

कुऱ्हाड माझ्या दुकानात आहे, मोठ्या अँप्लिफायरच्या वर, खिळ्याला. धंदा वाढला. दोन टेम्पो झाले, लायटिंग झालं, डीजे झाला. गिऱ्हाईक विचारतं, साउंडच्या दुकानात कुऱ्हाड कशाला हो? मी म्हणतो, पैसे बुडवणाऱ्यांसाठी.

परवा एका बड्या असामीचा फोन आला. पोराची हळद, मोठा सेट, म्हणाल तो भाव. फक्त रविवारी सकाळी पाहिजे. मी होच म्हणणार होतो. तोंडात आलं होतं. नजर वर गेली.

"रविवारी सकाळी नाही जमणार, साहेब," मी म्हणालो. "माझं तास असतं."

"तास?" तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही शिकवणीसुद्धा घेता का?"

"घेतो ना," मी म्हणालो. "विद्यार्थी एकच आहे. पण लई उनाड."